बाईंचा लॅपटॉप आणि मूळपुरुषाचा पासवर्ड

त्याला सगळं येत होतं. निदान त्याचं स्वतःचं तसं ठाम मत होतं, आणि त्या मताला दुजोरा द्यायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून ते काही कमी ठाम झालं नव्हतं.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो संगणक विभागाचा प्रमुख होता. विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन टेबलं, वायरींचा गुंता आणि तो एकटा. कोणी तक्रार घेऊन आलं की तो आधी यंत्राकडे बघत नसे, माणसाकडे बघत असे. वरून खाली. मग विचारायचा, "बंद करून चालू केलंत का?" केलं असेल तर "का केलंत?" आणि नसेल तर "मग इथे कशाला आलात?" बिलांच्या खिडकीवरची कारकून बाई स्वतःचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवायची. हा येता-जाता ती चिठ्ठी उपटायचा, चुरगळून टोपलीत टाकायचा आणि रुमालाला बोटं पुसायचा. बोलायचा काही नाही. बोलण्याच्या लायकीचं तिथे कोणी आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

त्याचं खरं आयुष्य कचेरी सुटल्यावर सुरू व्हायचं. लिनक्स नावाची संगणकप्रणाली वापरणाऱ्यांचं इंटरनेटवर एक चर्चापीठ होतं. अडलेल्यांनी तिथे प्रश्न टाकायचे आणि जाणत्यांनी उत्तरं द्यायची. प्रश्न मिटला की विचारणाऱ्याने त्यावर 'सुटला' अशी खूण करायची, म्हणजे पुढच्या अडलेल्याला ते उत्तर सापडतं. तिथे याचं नाव होतं 'मूळपुरुष'. लिनक्समध्ये ज्या खात्याला सगळे अधिकार असतात त्याला मूळ खातं म्हणतात, म्हणून हा मूळपुरुष. नाव त्याने स्वतःच ठेवून घेतलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

अकरा वर्षांत मूळपुरुषाने तिथे चार हजारांवर उत्तरं दिली होती. त्यातली उपयोगाची मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरली असती. बाकीची सगळी एकाच सुराची: "आधी वाचा, मग विचारा." "हा प्रश्न आहे की निबंध?" "तुमच्यासाठी बाजारात रेडीमेड खोकी मिळतात, ती घ्या." आणि एखादा बिचारा उत्तर मिळून 'सुटला'ची खूण न करता गेला, तर हा तीन-तीन दिवस त्याच्या मागे लागायचा. शिस्त म्हणजे शिस्त. दुसऱ्याची.

यातली खास उत्तरं तो जेवताना बायकोला वाचून दाखवायचा. घास हातात, फोन समोर टेकवलेला, आणि चेहऱ्यावर अशी खुशी की बघणाऱ्याला वाटावं, याला बढती मिळाली.

बायकोला सगळे 'बाई' म्हणत. सत्तावीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. आवाज असा की कधी चढवावा लागला नाही, पण शेवटच्या बाकावरच्या झोपाळू पोरालाही धड्यातला वाघ समोर दिसायचा. गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि तो आवाज घरात येऊन बसला. पहिल्या आठवड्यात त्यांनी एकदा पेपरातली बातमी मोठ्याने वाचली. "मला वाचता येतं," मूळपुरुष म्हणाला. त्यानंतर बाईंनी पेपर मनातल्या मनात वाचायला सुरुवात केली.

निवृत्तीची भेट म्हणून त्याने त्यांना आपला जुना लॅपटॉप दिला होता. डावी बिजागरी ढिली, कानात घालायच्या वायरीचं भोक कधीच निकामी झालेलं. "घे, तुझाच समज," तो म्हणाला. पण लॅपटॉपमध्ये काही बदलायचं, काही नवीन घालायचं, तर मूळ खात्याचा पासवर्ड लागतो, आणि तो त्याने दिला नाही. "तुला काय करायचाय? काहीतरी दाबून ठेवशील." म्हणजे घर तिचं आणि कुलपाची किल्ली याच्या कमरेला.

मग बाईंना ती संस्था सापडली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही संस्था पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. वाचणाऱ्याने आपल्या घरी, आपल्या संगणकासमोर बसून वाचायचं. आधी चाचणी व्हायची तीही संगणकावरूनच, फोनवरून नाही, कारण पुढचं सगळं काम तसंच व्हायचं होतं. निवड झाली की चांगला माइक संस्था पाठवणार होती. बाईंनी अर्ज केला. शनिवारी सकाळी अकराची वेळ मिळाली. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या आरशासमोर उभं राहून एक पान मोठ्याने वाचताना दिसल्या असत्या, जर बघायला कोणी मान वर केली असती तर.

चाचणीला बारा दिवस होते तेव्हा त्यांनी सराव म्हणून लॅपटॉपवर स्वतःचा आवाज मुद्रित करून पाहिला. काहीच उमटलं नाही. त्या मूळपुरुषाकडे गेल्या.

"अहो, याच्यात माझा आवाज जातच नाहीये."

"सेटिंगमध्ये बघ."

"बघितलं."

"मग नीट बघ." त्याची नजर स्वतःच्या पडद्यावरून हललीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना तो भलताच खुशीत होता. "ऐक, ऐक. आज एक ध्यान आलंय चर्चापीठावर. नाव काय तर 'नवागत'. माइक चालत नाही म्हणे. काय काय करून पाहिलं त्याची यादीच दिलीये, एक, दोन, तीन, चार, परीक्षेचा पेपर लिहितात तशी! मी काय लिहिलं माहितेय? 'यादी करण्याऐवजी डोकं वापरलं असतं तर माइकची गरजच पडली नसती. आधी वाचा, मग विचारा.'" आणि तो स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसला.

बाईंनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "मग त्या माणसानं आता करायचं काय?"

"मला काय माहीत! जाऊन खोकं घ्यावं एखादं."

बाई उठल्या आणि ताट उचलून आत गेल्या. त्या रात्री त्यांनी जेवण अर्धवट टाकलं होतं, पण ते कळायला समोरच्याच्या ताटाकडे बघावं लागतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी शेवटी सरळच सांगितलं, "उद्या अकराला माझी चाचणी आहे. आवाज अजून जात नाहीये. बघाल का?"

"उद्या बघतो. पाच मिनिटांचं काम आहे."

शनिवारी त्याला सुट्टी होती. पाच मिनिटांच्या कामाला तो साडेदहाला बसला, कारण आधी पेपर, मग चहा, मग आणखी एक चहा. काळा टर्मिनल उघडून त्याने धडाधड आज्ञा टंकल्या. आवाजाचे सगळे उभे पट्टे वरपर्यंत चढवलेले होते. आवाज सांभाळणारी सेवा त्याने बंद करून पुन्हा चालू केली, एकदा, दोनदा, तीनदा. स्पीकर ठणठणीत होते, डावा आणि उजवा दोन्ही. माइकच्या यादीत मात्र काहीच नव्हतं. बिघडलेला माइक नाही, बंद माइक नाही, तर माइकच नाही.

"तू काय दाबलंस?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"काहीतरी दाबल्याशिवाय असं होत नाही."

अकरा वाजले. पडद्यावर संस्थेचे दोघे आले, एक वयस्क गृहस्थ आणि एक तरुण मुलगी. बाईंनी साडीचा पदर सारखा केला आणि वाचायला सुरुवात केली. चार ओळी झाल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुमचे ओठ हलताना दिसतायत, पण आवाज येत नाहीये." बाईंनी एक कोरा कागद घेतला, त्यावर फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं, 'क्षमस्व. यंत्र बिघडले आहे,' आणि तो कॅमेऱ्यासमोर धरला. सत्तावीस वर्षं जिच्या आवाजावर वर्ग चालला ती बाई मुक्यासारखा कागद धरून बसली होती, आणि मूळपुरुष मागे उभा राहून तिला सांगत होता, "कागद सरळ धर."

ते दोघे भले होते. चार वाजताची एक वेळ रिकामी आहे, म्हणाले. ती शेवटची, कारण निवडीची यादी आजच पूर्ण करायची होती.

बाईंनी भावाला फोन केला. भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, बाथरूमच्या फरशा विकायचा, आणि त्याच्याकडे दुकानातून आणला तसा वापरायला घेतलेला साधा लॅपटॉप होता. "साडेतीनला घेऊन येतो, ताई," तो म्हणाला.

"काही गरज नाही!" मूळपुरुष ओरडला. "या घरात ते खोकं यायचं नाही. त्याच्यात काय चालतं ते त्याला तरी ठाऊक आहे का? बटण दाबतो नि चालतं म्हणून खूश!"

"मलाही तेवढंच हवंय," बाई म्हणाल्या. "पावणेचारपर्यंत तुमचं झालं तर तुमचं. नाहीतर भावाचं."

मग मूळपुरुष इरेला पेटला. लॅपटॉप बनवणाऱ्यांना शिव्या घालून झाल्या. लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्या, जगाच्या पाठीवर कुठे कुठे बसलेल्या माणसांची अक्कल काढून झाली. संस्थेचं चुकलं, कारण फोन चालला असता तर काय बिघडलं असतं. बायकोचं तर चुकलंच होतं. घरातलं मांजरसुद्धा सुटलं नाही, फक्त स्वतः तो सोडून. ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचे भाग चालवणारी आज्ञावली, काढला, परत घातला. आवाजाचे सगळे भाग पुसून नव्याने बसवले. यादी तशीच रिकामी.

अडीच वाजता त्याने अशी गोष्ट केली जी तो कोणाच्या देखत कधीच करत नसे. खोलीचं दार लावलं, आतून कडी घातली आणि इंटरनेटवर शोधायला बसला. लॅपटॉपचं नाव टंकलं, पुढे 'माइक दिसत नाही, स्पीकर चालतात.'

पहिलाच दुवा त्याच्या चर्चापीठाचा निघाला. त्याला बरं वाटलं. घरचीच जागा. त्याने दुवा उघडला.

प्रश्न नवागताचा होता. लॅपटॉप हाच, अगदी हेच मॉडेल. घरातल्याच एका व्यक्तीने वापरून झाल्यावर दिलेला. खाली क्रमाने लिहिलं होतं: एक, आवाजाचे पट्टे तपासले. दोन, बंद करून चालू केला. तीन, वायर लावून पाहिली, पण ते भोक निकामी आहे. चार, डावी बिजागरी ढिली आहे, तिथली वायर तुटली असेल असं वाटून झाकण हळू हलवून पाहिलं, फरक नाही. आणि शेवटी: 'मला याच महिन्यात वाचनाच्या एका चाचणीला बसायचे आहे. कृपया मदत करावी.'

त्याखाली मूळपुरुषाचं उत्तर होतं. यादी करण्याऐवजी डोकं वापरलं असतं तर.

त्याने ते उत्तर दोनदा वाचलं. जेवणाच्या टेबलावर किती खुसखुशीत वाटलं होतं! आता वाटत नव्हतं. त्याने आपसूक समोरच्या लॅपटॉपच्या डाव्या बिजागरीला हात लावला. ती ढिली होती. ती ढिली आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक तो स्वतः होता.

खाली आणखी एक उत्तर होतं, कुठल्याशा अनोळखी माणसाचं, चार ओळींचं, सभ्य. 'या मॉडेलमध्ये स्पीकर खरखरायचे. म्हणून काही जण एक ओळ घालून यंत्राला जुना ड्रायव्हर वापरायला लावतात. जुन्या ड्रायव्हरला स्पीकर कळतात, पण आतला माइक कळत नाही. आधीच्या मालकाने तसं केलं असेल. ती ओळ काढून यंत्र पुन्हा सुरू करा, माइक येईल.' पुढे फाइल कुठे असते तेही दिलं होतं.

आणि त्याखाली नवागताने लिहिलं होतं: 'मनापासून आभार. फाइल सापडली, ओळही आहे. पण ती काढायला पासवर्ड लागतो. तो माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना एकदा विचारून झाले. पुन्हा विचारण्याचे धाडस होत नाही.'

तारीख दहा दिवसांपूर्वीची होती. दहा दिवस ही बाई उत्तर हातात घेऊन या घरात स्वयंपाक करत होती.

मूळपुरुषाला ती तारीख बघवेना. शरम म्हणतात ती हीच असावी, पण सवय नसल्यामुळे त्याला ती लगेच ओळखता आली नाही. त्याने ती फाइल उघडली. ओळ होती. वर तीन वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि त्याच्याच भाषेत एक टीपही होती, कारण स्वतःच्या फाइलमध्येसुद्धा कोणाचा तरी पाणउतारा केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे: 'स्पीकरची खरखर मी बंद केली आहे. ही ओळ जो काढेल तो गाढव.'

त्याने ओळ काढली. टीपही काढली. ती काढताना मात्र त्याने दाराला कडी नीट लागली आहे ना, हे वळून पाहिलं.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. माइकच्या यादीत एक नाव आलं. तो हळूच "हं" म्हणाला आणि पडद्यावरची हिरवी पट्टी हलली. पाच मिनिटांचं काम. ते एवढं तरी त्याने खरं सांगितलं होतं.

तो बाहेर आला तेव्हा तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मेहुणा सोफ्याच्या कडेला, मांडीवर आपला लॅपटॉप धरून, नाव पुकारायची वाट बघणाऱ्या रोग्यासारखा बसला होता. शेजारी बाई हातातलं पान चाळत होत्या.

"झालं," मूळपुरुष म्हणाला.

"काय झालं होतं?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

इथे एका वाक्याचं काम होतं. 'माझं चुकलं' हे वाक्य तर त्याहूनही छोटं आहे. पण मेहुणा समोर होता, आणि फरशा विकणाऱ्या माणसासमोर पडतं घ्यायचं म्हणजे काय खायची गोष्ट आहे?

"ड्रायव्हरचा घोळ होता," तो म्हणाला. "खोल होता. सगळ्यांना नाही सापडत."

"वा, दाजी! तुमच्याशिवाय कुणाला जमलं नसतं," मेहुणा म्हणाला. तो मनापासून म्हणाला, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं.

बाईंनी नवऱ्याकडे एकदा बघितलं. वर्गात ज्याची वही दुसऱ्यावरून उतरवलेली आहे अशा मुलाकडे बघावं, तसं. मग लॅपटॉप उचलून त्या आत गेल्या.

चार वाजता दाराआडून आवाज यायला लागला. नदी वळण का घेते यावरचं एक पान होतं. मूळपुरुष दाराबाहेर उभा होता. मेहुणा फोन खिशात टाकून ऐकत बसला. इतकं सोपं पान, पण तो आवाज ते असं वाचत होता की पाणी एका काठाला कसं खातं आणि दुसऱ्या काठावर माती कशी आणून टाकतं, ते बंद डोळ्यांना दिसावं. एवढी वर्षं हा आवाज याच घरात होता, हे मूळपुरुषाला नव्याने कळल्यासारखं झालं. पान संपल्यावर आतून त्या वयस्क गृहस्थांचं बोलणं ऐकू आलं. "बाई, सोमवारपासून सुरू करू या का?"

मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. मूळपुरुषाला टाळ्या वाजवाव्यात की नाहीत ते ठरवता आलं नाही. ठरेपर्यंत मेहुणा चहा पिऊन गेलासुद्धा.

संध्याकाळी तो सवयीने चर्चापीठावर गेला. नवागताच्या प्रश्नाखाली नवा मजकूर होता, तासाभरापूर्वीचा. 'ओळ काढली गेली. आवाज जातो. चार ओळींत नीट सांगणाऱ्या अनोळखी मित्राचे पुन्हा आभार. पासवर्ड मात्र अजून मिळालेला नाही. त्यामुळे "सुटला" अशी खूण करत नाही. मूळपुरुषांनी राग मानू नये.'

स्वयंपाकघरात बाई भांडी लावत होत्या. भांड्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता.

उत्तर लिहायच्या चौकटीत मूळपुरुषाने काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. चार हजार उत्तरं सपासप लिहिणाऱ्याला एक ओळ जमेना. शेवटी तो उठला. खणातून एक चिठ्ठी काढली, तिच्यावर पेनाने चौदा अक्षरं लिहिली, अगदी सुवाच्य, आणि बाईंच्या लॅपटॉपच्या पडद्याच्या कडेला चिकटवली. कचेरीतल्या त्या कारकून बाईची असते, तश्शी. मग त्याने रुमालाला बोटं पुसली, आणि पुसता पुसताच थांबला.

सकाळी चिठ्ठी जागेवर नव्हती. प्रश्नावर 'सुटला'ची खूण होती. तो चहा घेता घेता, मनातून जरा सुटल्यासारखा, म्हणाला, "त्या स्पीकरची खरखर परत येईल बघ आता. आण इकडे, मी नवा इलाज घालून देतो."

बाईंनी लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. त्याने टर्मिनल उघडला, पासवर्ड टंकला. चूक, असं यंत्र म्हणालं. त्याने पुन्हा टंकला, एकेक अक्षर दाबून. पुन्हा चूक.

"बदललाय मी तो," बाई म्हणाल्या. "काय करायचंय ते नीट लिहून द्या. मी वाचते, आणि मग बघू."